जिप्सीच्या ट्रान्सफर केसची फाउंडेशन रबरं बदलली: कामाची नोंद

गाडी: मारुती जिप्सी किंग, १.३ लिटर, एमपीएफआय, सॉफ्ट टॉप. काम: ट्रान्सफर केसची, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या डब्याची, तिन्ही फाउंडेशन रबरं (ज्यांवर हा डबा चॅसीला टांगलेला असतो) आणि त्याआधी मागचं ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी). काम घरच्या पार्किंगमध्येच केलं, गाडी आता पुन्हा रस्त्यावर धावतेय. ज्यांच्या जिप्सीत गिअर टाकून क्लच सोडताना खालून ‘खट्’ येतो आणि फोर बाय फोरचा लिव्हर उभ्या उभ्या नाचतो, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला जोडून येत नाही. गिअरबॉक्स पुढे, मग एक आखूड प्रोपेलर शाफ्ट (ताकद पुढे नेणारा फिरता दांडा), मग चॅसीवर तीन रबरांच्या आधाराने टांगलेला हा वेगळा डबा. त्यातून एक शाफ्ट पुढच्या क्राऊनला (एक्सलमधल्या डिफरन्शियलला) जातो, एक मागच्या. डब्यावर येणारा सगळा पीळ ही तीन रबरं झेलतात. तो पीळ किती, याचा हिशोब करून पाहिला आणि रबरांबद्दल आदर वाढला.

इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, १०३ न्यूटन मीटर. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.६५२, म्हणजे डब्यात साधारण ३७६ शिरतात. हाय रेंजमध्येही (रोजच्या चालवण्यात) हा डबा सरळ एकास एक चालत नाही, तिथेच १.४०९ आहे, बाहेर पडतात ५३०. या दोन्हींमधला फरक, म्हणजे १५४ न्यूटन मीटर, डब्याला उलटा पिळतो. लो रेंजचं (चढ-चिखलात जास्त जोरासाठी) गुणोत्तर २.२६८. तिथे बाहेर पडतात ८५३ आणि डब्यावरचा पीळ होतो ४७७. तिपटीहून जास्त! घर्षणात थोडं कमी होत असेल, पण अंदाज यायला एवढं पुरे. घाटातल्या चिखलात लो टाकून क्लच फटकन सोडायची सवय असेल तर रबर का फाटतं, ते या आकड्यांत आहे.

निदानाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण हाच ‘खट्’ प्रोपेलरच्या क्रॉसचाही (शाफ्टच्या टोकाच्या युनिव्हर्सल जॉइंटचाही) असतो, आणि क्रॉस बदलूनही आवाज तसाच राहिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. चाकांना पुढून-मागून दगड लावा. हँडब्रेकवर किंवा गिअरवर विसंबू नका; ट्रान्सफर लिव्हर न्यूट्रलला गेला किंवा शाफ्ट सुटला की गिअर गाडीला धरत नाही. मग खाली शिरून प्रत्येक शाफ्ट हाताने पिळून बघा. क्रॉसच्या टोप्यांपाशी खेळ दिसला तर दोष क्रॉसचा. क्रॉस घट्ट आणि डबाच हलतोय, तर रबर. चॅसी आणि डबा यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हळूच उचललं की रबराची चीर उघडते आणि शंका उरत नाही. माझ्या गाडीत एक रबर लोखंडापासून पूर्ण सुटलं होतं, दुसरं फुगून लिबलिबीत झालेलं, तिसरं ठीकठाक.

ते फुगलेलं रबर महत्त्वाचं. साधं रबर खनिज तेलात भिजलं की फुगतं आणि मऊ पडतं. वर पाहिलं तर मागच्या फ्लँजच्या (शाफ्ट बोल्टने जोडायच्या चकतीच्या) सीलमधून तेल झिरपून थेट त्यावर येत होतं. सील तसंच ठेवून नवं रबर बसवलं असतं तर तेही त्याच वाटेने गेलं असतं. म्हणून आधी सील.

प्रोपेलर काढण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढली, म्हणजे परत त्याच जागी बसतो. तेल काढताना भरायचा बोल्ट आधी सोडवावा. तोच गंजून अडकलेला निघाला आणि तेल तर सांडून गेलं, की गाडी जागच्या जागी बसते. फ्लँज काढल्यावर जिथे सीलची कड फिरते तिथे बोट फिरवा. नख अडकेल एवढी खाच असेल तर नवं सीलही गळणार, फ्लँज बदलावी लागेल. माझ्याकडे हलका डागच होता, तो बारीक पॉलिश पेपरने उतरला. गिअर ऑइल ८० डब्ल्यू ९०, साधारण ०.८ लिटर, भरायच्या भोकाच्या काठापर्यंत.

आता रबरं. चॅसीकडचे बोल्ट आदल्या रात्री डिझेलने भिजवून ठेवले होते, सकाळी कुरकुर न करता सुटले. डब्याखाली जॅक, मध्ये लाकडी फळी, आणि फळी ड्रेन बोल्टवर टेकू द्यायची नाही. तिन्ही एकदम न सोडता एकेक काढून एकेक बसवलं, त्यामुळे डबा जागेवरून सरकला नाही आणि भोकं जुळवायची झटापट वाचली. धाकटा भाऊ जॅकवर होता, “दादा, जरा वर घेऊ?” एवढंच त्याचं काम, पण त्या एका जास्तीच्या हातामुळे फार सोपं जातं.

बोल्ट शेवटचे आवळण्याची पद्धत मात्र सगळ्यांनी पाळावी असं मला मनापासून वाटतं. तिन्ही रबरं बसल्यावर बोल्ट फक्त हाताने लावले. जॅक उतरवला, डब्याचं पूर्ण वजन रबरांवर येऊ दिलं, डबा दोन्ही हातांनी हलवून बसू दिला, आणि मगच पाना लावला. जॅकवर असतानाच आवळलं तर रबर तिरपं ताणलेल्या अवस्थेत अडकतं आणि पहिल्या दिवसापासून फाटायला लागतं. शिवाय डबा तिरका राहिला की आखूड शाफ्टच्या क्रॉसचे कोन बिघडतात आणि गाडी थरथरते.

रबर की पॉलियुरेथेन, हा प्रश्न येणारच. मी रबरच घेतलं, कंपनीचं. पॉलियुरेथेन तेलाला दाद देत नाही आणि डबा घट्ट धरतं, हे खरं. पण जिप्सीच्या डब्यात साखळी नाही, सगळे गिअर एकमेकांना भिडलेले. त्यांची घरघर पॉलियुरेथेनमधून सरळ पत्र्यात उतरते. ज्यांची गाडी फक्त ऑफ-रोडिंगला निघते त्यांनी जरूर लावावं. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत रबरच बरं. पुण्यात नाना पेठेत नकलाही मिळतात. घेताना लोखंड आणि रबर यांच्या सांध्यावर नख घालून बघा, कड सुटत असेल तर तिथेच परत करा.

फरक मोजायला लिव्हरशेजारी फ्लोअरवर पांढरी टेप चिकटवली होती. हँडब्रेक ओढून, पहिल्या गिअरमध्ये क्लच अलगद पकडला की लिव्हरचं टोक आधी दोन सेंटिमीटरच्या आसपास सरकायचं. आता जेमतेम अर्धा सेंटिमीटर. ‘खट्’ गेला. चाळीस-पन्नासच्या वेगात सीटखाली जाणवणारा थरथराटही कमी झालाय, पूर्ण गेलेला नाही. त्यामुळे आता संशय आखूड शाफ्टच्या मागच्या क्रॉसवर आहे. पिळून पाहिला तर किंचित खेळ लागतोय. तो मागवलाय. पाचशे किलोमीटर झाले की फाउंडेशनचे बोल्ट पुन्हा तपासायचे आहेत, त्याच वेळी क्रॉसही बदलेन आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बुशांकडेही बघेन.