लाइपझिगमधला नाताळ आणि चार घरांची मध्यरात्र

जर्मनीतले हिवाळी सत्र फेब्रुवारीपर्यंत चालते, मध्ये नाताळाची सुट्टी जेमतेम दोन आठवड्यांची मिळते आणि डिसेंबरातले विमानभाडे विद्यार्थ्याला परवडत नाही. त्यामुळे २०२३ चा नाताळ मला लाइपझिगमध्येच करावा लागणार हे फार आधीच ठरल्यासारखे होते. मी नगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात वाढले. आमच्याकडे नाताळाच्या आठवडाभर आधीपासून करंज्या, चकल्या आणि शंकरपाळ्यांचे घाणे निघतात, दारावर चांदणी लागते, तरुण संघ रात्री गाणी गात घरोघर फिरतो आणि २५ तारखेला सकाळी नवे कपडे घालून सगळी मंडळी उपासनेला जमते. हे सारे नसताना तो दिवस कसा काढायचा, हा प्रश्न माझ्यापुढे होता. त्यातून मी आणि माझे मित्र कसे निभावलो ते सविस्तर लिहिते आहे, कारण दरवर्षी अनेक मुलेमुली याच प्रश्नापुढे उभी राहतात.

लाइपझिगमध्ये डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. एर्त्सगेबिर्ग या जवळच्या खाणींच्या डोंगराळ भागातून आलेल्या, मेणबत्त्यांच्या लाकडी कमानी घरोघरच्या खिडक्यांत उजळलेल्या असतात, हेर्नहुट गावच्या मोरावियन ख्रिस्ती परंपरेतले अनेक टोकांचे कागदी तारे सज्ज्यांत लटकतात आणि शहराच्या मध्यावर पंधराव्या शतकापासून भरत आलेला नाताळबाजार गजबजलेला असतो. हा महिना अतिशय सुंदर असतो आणि पाहुण्याला त्या सौंदर्यात सहज सामावून घेतले जाते. कठीण दिवस येतो तो २४ तारखेचा. बाजार तोवर उठलेला असतो, दुकाने दुपारीच बंद होतात, बहुतेक उपाहारगृहांना कुलूप असते आणि संध्याकाळी रस्त्यांवर माणूस दिसत नाही. जर्मन कुटुंबे २४ च्या संध्याकाळीच भेटवस्तू देतात, बटाट्याचे सॅलड आणि सॉसेज असे साधे जेवण घेतात आणि दार लावून आपल्या माणसांत बसतात. सण घराच्या आत असतो. ज्याचे घर तिथे नाही, त्याने स्वतःहून काही उभे केले नाही, तर त्याच्या वाट्याला फक्त रिकामी ट्राम येते.

आमच्या वसतिगृहाच्या मजल्यावर सामायिक स्वयंपाकघर होते. तिथे माझ्यासारखेच अडकलेले आणखी काही जण होते: कोलंबियाचा एक मित्र, युक्रेनची एक मैत्रीण आणि केरळच्या सुरियानी ख्रिस्ती घरातली एक मुलगी. या संपूर्ण अनुभवात सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट कोलंबियाच्या मित्रामुळे घडली. त्यांच्याकडे १६ डिसेंबरपासून २४ पर्यंत नऊ संध्याकाळी गव्हाणीच्या देखाव्यापुढे प्रार्थना करण्याची आणि गाणी म्हणण्याची रीत आहे. ती त्याला एकट्याने करवेना, म्हणून त्याने आम्हाला बोलावले. एकेक दिवस एकेकाने प्रार्थना चालवायची असे ठरले आणि माझ्या पाळीला मी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे एक भजन म्हटले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर टिळकांनी नगरला राहून लिहिलेली गीते आमच्या मंडळ्यांत आजही टाळ-पेटीवर गायली जातात आणि मला ती पुस्तकाशिवाय येतात. इथे पेटी नव्हती, पण मित्राने दोन चमच्यांवर ठेका धरला. त्या नऊ संध्याकाळी जमण्याची सवय लागली नसती, तर २४ तारखेला आम्ही एकमेकांसमोर नुसते संकोचून बसलो असतो, असे मला वाटते. परदेशात सण करायचा असेल, तर माणसे सणाच्या आधीपासूनच जमवावी लागतात.

जेवण ठरवायला मात्र बराच वेळ लागला. युक्रेनमध्ये नाताळाच्या पूर्वसंध्येचे जेवण बारा पदार्थांचे असते आणि त्यात मांस किंवा दूधदुभते चालत नाही. माझ्या मैत्रिणीसाठी त्या वर्षाला एक वेगळा अर्थ होता, कारण युक्रेनच्या ऑर्थोडॉक्स चर्चने २०२३ मध्येच आपले कॅलेंडर बदलले होते आणि जानेवारीतल्या ७ तारखेऐवजी २५ डिसेंबरला नाताळ करण्याचे ते पहिलेच वर्ष होते. तिची आजी जुन्या तारखेवर अडून होती आणि आई नवी तारीख धरून होती, त्यामुळे घरी फोनवर रोज वाद चालत. आम्ही असे ठरवले की, बारा पदार्थांची मर्यादा तिची राहील, पण ते बारा पदार्थ सगळ्यांच्या घरचे असतील. बीटचे सार, बटाट्याचे सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्यांसारखे वारेनिकी, कोबीचे भरलेले रोल आणि सुकामेव्याचे पेय तिने घेतले. मी मटकीची उसळ, बटाट्याची सुकी भाजी आणि लसणाची चटणी घेतली. केरळच्या मुलीने नारळाच्या दुधातला स्ट्यू भाज्या घालून केला आणि जर्मन पद्धतीचे बटाट्याचे सॅलड आम्ही अंड्याच्या मेयोनीजऐवजी तेल आणि व्हिनेगर घालून केले. दुधातुपाचे गोड पदार्थ मध्यरात्रीनंतर काढायचे असे ठरले.

२४ तारखेला त्या वर्षी रविवार होता. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात आणि २५ व २६ या दोन्ही सार्वजनिक सुट्ट्या असतात, म्हणून शनिवारी संध्याकाळपर्यंत आणलेल्या सामानावर बुधवार सकाळपर्यंत भागवायचे होते. आम्ही आयझेनबानश्ट्रासे या रस्त्यावर गेलो, जिथे अरब, तुर्की आणि आशियाई दुकानांची रांग आहे. मटकी, कढीपत्ता आणि गूळ तिथे मिळाला. गुळाची ढेप पाहून कोलंबियाचा मित्र हरखला, कारण त्यांच्या नाताळाच्या खिरीसारख्या घट्ट नातिल्यात उसाचाच गूळ पडतो आणि गेल्या वर्षी त्याने तो साध्या साखरेवर भागवला होता. खसखस तर जर्मन दुकानांत हवी तेवढी मिळते, फक्त तिचा रंग निळसर काळा असतो. तीच माझ्या करंजीच्या सारणात पडली आणि तीच मैत्रिणीच्या कुत्यात, म्हणजे शिजवलेल्या अख्ख्या गव्हात मध, खसखस आणि अक्रोड घालून केलेल्या पदार्थात पडली. तो खाल्ला तेव्हा मला घरच्या गव्हाच्या खिरीची आठवण झाली.

करंज्या मी शनिवारी रात्री केल्या. मैद्यात कडकडीत तुपाचे मोहन घालून पीठ भिजवले, खोबऱ्याच्या किसाचे सारण आईने फोनवर सांगितलेल्या प्रमाणात केले आणि कातण नसल्यामुळे कडांना हाताने मुरड घातली. तिघांनीही लाट्या लाटल्या. घरी ही कामे आई, आजी आणि शेजारच्या काकू बोलत बोलत करत आणि त्या बोलण्यातच निम्मा सण होऊन जाई; त्या रात्री आमच्या स्वयंपाकघरातही तसेच बोलणे चालले होते, फक्त भाषा मोडकीतोडकी जर्मन होती.

रविवारी दुपारी आम्ही थोमासकिर्शमध्ये उपासनेला गेलो. योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून १७५० पर्यंत या चर्चचा संगीतप्रमुख होता, त्याची कबर तिथेच आहे आणि १२१२ पासून परंपरा सांगणारे मुलांचे गायकवृंद तिथे आजही गातात, त्यामुळे दारापुढे लांब रांग होती. ती मुले गाऊ लागली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. पुढे बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायाचे, म्हणजे येशूच्या जन्मकथेचे वाचन झाले. जर्मन मला पुरते कळत नव्हते, पण कैसर औगुस्ताची आज्ञा, बेथलेहेम, गव्हाणी, मेंढपाळ हा क्रम लहानपणापासून पाठ असल्यामुळे प्रत्येक वाक्य कुठे पोहोचले आहे ते मला समजत होते. आपल्या माणसांपासून दूर असल्याची जाणीव तेवढा वेळ पूर्णपणे नाहीशी झाली होती.

फोनबद्दल आम्ही आधीच बोललो होतो. दिवसभर व्हिडिओवर घर पाहत बसले की माणूस धड तिथेही नसतो आणि धड इथेही नसतो, हे मी दिवाळीत अनुभवले होते. म्हणून प्रत्येकाच्या घरच्या मध्यरात्रीला एक फोन आणि त्या फोनला सगळ्यांनी हजर राहायचे, असे ठरले. भारतात बारा वाजतात तेव्हा लाइपझिगमध्ये साडेसात वाजलेले असतात. त्या वेळी नगरच्या चर्चची घंटा पप्पांनी फोन उंच धरून ऐकवली आणि आजीने पडद्यावरच्या प्रत्येकाला आपले नाव सांगायला लावून, प्रत्येकाचे नाव घेऊन आशीर्वाद दिला. लगेच केरळच्या मुलीच्या घरी, कोट्टयमला फोन लागला. अकरा वाजता कीव्हची पाळी होती.

युक्रेनच्या रिवाजाप्रमाणे जेवणात एक ताट गैरहजर माणसांसाठी वाढलेले होते. मैत्रिणीचा भाऊ सैन्यात होता आणि त्याच्याकडून काही दिवस निरोप आला नव्हता. तिच्या आईने फोनवर ते ताट दाखवायला सांगितले, कारण त्यांच्याही टेबलावर तसेच ताट होते. त्या क्षणी मला स्पष्ट कळले की, माझे दूर असणे आणि तिचे दूर असणे यांची तुलना होऊ शकत नाही. मी पुढच्या डिसेंबरात पैसे साठवून घरी जाऊ शकत होते, तिला तसे ठरवता येत नव्हते. आम्ही तिच्या भावासाठी प्रार्थना केली, प्रत्येकाने आपापल्या भाषेत. बारा वाजता गोड पदार्थ बाहेर आले. कोलंबियाची मध्यरात्र आमच्या सकाळी सहा वाजता होती आणि त्या फोनला आम्ही सगळे, घोंगड्या पांघरून का होईना, पण हजर होतो.

२५ तारीख झोपेत आणि उरलेल्या जेवणात गेली. २६ ला आम्ही मजल्यावरच्या इतर मुलांना चहाला बोलावले, कारण नाताळ न करणाऱ्यांनाही सगळे बंद असल्यामुळे करमत नव्हते. पुण्याचा एक मुलगा आला, त्याने करंजीची मुरड पाहिली आणि दिवाळीत घरी न गेल्याचे पहिल्यांदाच कोणाला तरी मोकळेपणी सांगितले. पुढच्या दिवाळीला त्याच स्वयंपाकघरात फराळ करायचे तेव्हाच ठरले, आणि मुरड घालायला मी त्याला शिकवायची, असेही ठरले.