बहिणीचं इंजिनिअरिंग: खासगी विद्यापीठाची फी आणि कर्जाचा हिशेब

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, महाडीबीटीचे (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) अर्ज, हेच दिवसभराचं काम. 2025 मध्ये धाकटी बहीण बारावी झाली, तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं होतं, आणि दुसऱ्यांचे फॉर्म भरणाऱ्या मला घरच्याच प्रवेशाचा हिशेब मांडावा लागला. यंदा ज्यांच्या घरी बारावीचं पोर आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

निकालाच्या आधीपासूनच एका खासगी विद्यापीठाचे फोन येत होते. त्यांची ऑनलाइन परीक्षा तिने दिली, लगेच 25 टक्के स्कॉलरशिपचं पत्र आलं आणि सोबत आठ दिवसांत सीट बुक करा असा निरोप. घरात आनंद झाला. आईने शेजारी पेढेही वाटले. मी फोनवरच्या मॅडमना एकच मागणी केली: चारही वर्षांची फी, हॉस्टेल, मेस, परीक्षा फी आणि डिपॉझिट, सगळं एका कागदावर लिहून ईमेल करा. ते यायला वेळ लागला, पण आलं.

पहिल्या वर्षाची ट्यूशन फी 1,90,000 रुपये. तळाच्या टिपेत दरवर्षी 5 टक्के वाढ. म्हणजे चार वर्षांची नुसती ट्यूशन फी 8 लाख 19 हजारांच्या आसपास. हॉस्टेल आणि मेस वर्षाला 1,05,000, म्हणजे 4 लाख 20 हजार. लॅपटॉप, परीक्षा, पुस्तकं, येणं-जाणं वेगळं. स्कॉलरशिप फक्त पहिल्या वर्षाच्या ट्यूशन फीवर होती, म्हणजे 47,500 रुपये. पुढच्या वर्षी ती टिकायची तर ठरावीक सीजीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, हवी. ती वजा करूनही आकडा 13 लाखांच्या घरात जात होता.

आमची पाच एकर कोरडवाहू. 10 लाख कर्ज काढायचं आणि उरलेलं घरातून भरायचं असं धरून मी वहीत आकडे मांडले. दरवर्षी अडीच लाख उचल, व्याज 10 टक्के. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या उचलीपासून चढतं. बरेच पालक इथे चुकतात. "नोकरी लागल्यावर फेडायचं" एवढंच त्यांच्या कानावर आलेलं असतं. पहिल्या अडीच लाखांवर पाच वर्षांचं व्याज सव्वा लाख, दुसऱ्यावर एक लाख, तिसऱ्यावर 75 हजार, चौथ्यावर 50 हजार. एकूण साडेतीन लाख. म्हणजे पहिला हप्ता सुरू होतो तेव्हा कर्ज साडेतेरा लाखांचं झालेलं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला 17,840 रुपये, एकूण 21 लाख 40 हजारांच्या वर. पंधरा वर्षं घेतली तर हप्ता साडेचौदा हजारांवर येतो, पण एकूण 26 लाख जातात.

बाबांना लाखांचे आकडे सांगून काही उमगणार नव्हतं, म्हणून मी ते सोयाबीनमध्ये सांगितले. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. वर्षाचे हप्ते 2 लाख 14 हजार, म्हणजे हमीभावानेही 40 क्विंटल. आमच्या वावरात चांगल्या सालीही तीसच्या वर होत नाही, आणि बाजारात तर हमीभावही मिळत नाही. बाबा बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पोरगी शिकली पाह्यजेच. पण पयल्या पगारातनं तिच्या हाती काई उरन का, थे सांग."

बँकेत गेलो तेव्हा आणखी एक गाठ समोर आली. शैक्षणिक कर्जात 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही, मार्जिनही, म्हणजे खर्चातला स्वतःचा ठरावीक वाटाही नाही, फक्त आई किंवा बाबा सहकर्जदार. साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या पत हमी योजनेत तारणाशिवाय मिळू शकतं. त्यावर तारण आलं. आम्ही सातबारा पुढे केला, तर मॅनेजर म्हणाले, शेतजमीन चालत नाही, एनए (बिगरशेती) प्लॉट किंवा एफडी आणा. तेव्हा चीड आली, पण कारण खरं आहे: सरफेसी कायद्याने बँकेला तारण जप्त करून विकता येतं, आणि शेतजमीन त्या कायद्यातून वगळलेली आहे. गावातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना आठ, एवढाच कागद. म्हणजे कास्तकाराच्या घरात साडेसात लाखांच्या वर वाट जवळपास बंद. मग विद्यापीठाचेच लोक फायनान्स कंपनीचं नाव सुचवतात. तिथे तारण नसतं, पण आम्हाला सांगितलेला व्याजदर बँकेपेक्षा बराच चढा होता.

पीएम विद्यालक्ष्मी योजनाही पाहिली. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने ती मंजूर केली. घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात, म्हणजे हप्ता सुरू होईपर्यंत, व्याजात 3 टक्के सूट. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणासाठी त्या काळातलं पूर्ण व्याज भरणारी केंद्राची योजना वेगळी आहे. पण विद्यालक्ष्मी ठरवून दिलेल्या संस्थांसाठीच आहे, मंजुरीच्या वेळी 860 होत्या. आमच्या विद्यापीठाचं नाव त्या यादीत नव्हतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या केंद्रावर येणाऱ्या पालकांना खासगी कॉलेज आणि खासगी विद्यापीठ एकच वाटतं. दोन्ही अगदी वेगळे आहेत. सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाच्या) कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, खासगी कॉलेजात प्रवेश झाला तर तिथली फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर कॉलेजवार दिसते. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना, उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची ट्यूशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. त्याच निर्णयात अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे खासगी, विद्यापीठं वगळली आहेत, मॅनेजमेंट कोटाही नाही. आम्ही कुणबी, ओबीसी. म्हणजे बहिणीला एका दारातून गेल्यावर ट्यूशन फी शून्य आणि दुसऱ्या दारातून आठ लाख. फोनवरच्या मॅडमनी हे एकदाही सांगितलं नाही. "मुलींना फी माफ आहे ना?" असं थेट विचारल्यावर मात्र म्हणाल्या, आमची स्वतःची स्कॉलरशिप आहे.

सीट बुक केली नाही. केली असती तरी यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) 2018 चा फी परताव्याचा नियम खासगी विद्यापीठांनाही लागू आहे, पैसे भरून बसलेल्यांनी तो जरूर वाचावा. बहीण मात्र रुसली. मैत्रिणी तिथेच चालल्या होत्या, कॅम्पस देखणा होता, तिचं मन मोडणं मला जड गेलं. मी तिलाच वही दिली आणि हप्ता तिच्या हाताने काढायला लावला. दुसऱ्या दिवशी कॅपचे पर्याय तिने स्वतः भरले. अमरावतीच्या एका कॉलेजात आयटी मिळालं.

फी माफ झाली तरी खर्च संपत नाही. डेव्हलपमेंट फी माफीत येत नाही. खोली, मेस, लॅपटॉप आहेच. त्यासाठी वर्षाला 90 हजार उचल, चार वर्षांत 3 लाख 60 हजार, म्हणजे बिनतारणाच्या मर्यादेत. तरी अर्ज अडला. बाबांच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, जुनं पीककर्ज थकीत दिसत होतं. ते 2019 च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्तीत माफ झालेलं, पण नोंद तशीच राहिलेली. वर्षातून एकदा सिबिलचा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो काढला. कर्ज दिलेल्या बँकेतून बेबाकी (काही बाकी नसल्याचं) प्रमाणपत्र घेतलं आणि ऑनलाइन तक्रार टाकली. 30 दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम तक्रारीत लिहिला. नोंद दुरुस्त झाली, कर्ज मंजूर झालं. कर्जमाफी घेतलेल्या प्रत्येक घराने पोरगं दहावीत असतानाच हा अहवाल काढून ठेवावा, अगदी कळकळीने सांगतो.

पहिल्या वर्षी व्याज महिन्याला 750 रुपये येतं. ते मी केंद्राच्या कमाईतून दरमहा भरतो, पुढे उचल वाढेल तसं तेही वाढेल. असं भरत राहिलो तर शेवटी मूळ 3 लाख 60 हजारच उरतील आणि सात वर्षांचा हप्ता सहा हजारांच्या आत बसेल. नाही भरलं तर तो आठ हजारांवर जातो. बाहेरगावी शिकणाऱ्यांना राहण्या-जेवण्याचे पैसे देणाऱ्या सावित्रीबाई फुले आधार योजनेतही अर्ज टाकला आहे. ते पैसे आले तर दुसऱ्या वर्षाची उचल कमी करू. महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो, म्हणून उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर यांच्या मुदतीच्या तारखा केंद्रातल्या भिंतीवर लिहून ठेवल्या आहेत, बहिणीच्याही आणि गावातल्या इतर पोरींच्याही.