ब्रह्मकमळाची आरती का करत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दर पावसाळ्यात हाच प्रश्न येतो, "परसात एवढं ब्रह्मकमळ फुलतं आणि तुम्ही आरती करत नाही? कुणाला दर्शनालाही बोलवत नाही?"

आजवर माझं उत्तर ठरलेलं होतं. हे हिमालयातलं ब्रह्मकमळ नव्हेच. केदारनाथला वाहतात ते वेगळं, उत्तराखंडाचं राज्यफूल. आपलं हे मेक्सिकोकडचं, निवडुंगाच्या कुळातलं. आपण पान म्हणतो ते खरं तर चपटं खोड. सगळं खरं आहे, पण कारण ते नाही. झेंडूही मेक्सिकोचाच, त्याच्याशिवाय आपला दसरा होतो का?

पान सासूबाईंनी अमळनेरहून, माहेराहून आणलं होतं. जळगावचं 45 अंशांचं ऊन, म्हणून कडुनिंबाखाली लावलं, उन्हाळ्यात गोणपाटाचा आडोसा केला. कळी फुगली की त्या पाट घेऊन बाजूला बसायच्या. मला म्हणायच्या, "रातले देव येस माय, झोपू नको."

त्या श्रावणात त्या दवाखान्यात होत्या आणि इकडे एकदम नऊ कळ्या आल्या, सोंडेसारख्या वर वळलेल्या. संध्याकाळीच गल्लीत बातमी गेली. बायका नारळ, उदबत्ती घेऊन आल्या. "नऊ फुलं! आज मागशील ते मिळेल." साडेनऊला ह्यांचा फोन आला, "ये, आई तुझं नाव घेतेय." मी म्हटलं, पूर्ण उमलू दे, पूजा करून फूल घेऊनच येते. पाकळ्या सुटत होत्या, वास पार पुढच्या दारापर्यंत येत होता. बाराला आरती झाली. मी त्यांचं आयुष्य मागितलं. बारा वीसला पुन्हा फोन आला.

फूल डब्यात घालून नेलं होतं. पहाटे त्यांना घरी आणलं तेव्हा डबा उघडला, तर आत ओल्या चिंधीसारखं लोंबलेलं काहीतरी होतं.

मी त्यांच्यासाठीच थांबले होते, हे मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आले. थांबले होते त्यांच्यासाठीच. पण अख्खी गल्ली माझ्या दारी आली होती, आणि ते मला आवडलंही होतं. पुढची दोन वर्षं झाडाला पाणी घातलं नाही. ते पावसावर जगलं.

म्हणून आरती नाही. श्रद्धा गेली म्हणून नाही, उगाच तसं समजू नका. दरवर्षी त्या रात्री मी पाट घेऊन बसते. पांढरं फूल अंधारात हळूहळू उघडतं, एखादा मोठा रातपतंग घिरट्या घालतो, पहाटेपर्यंत सगळं मिटतं. मी काही मागत नाही. त्यांनी तरी कधी माग म्हटलं होतं? झोपू नको, एवढंच म्हणायच्या. पण मग वाटतं, त्या रात्री मागितलं नसतं तर मी काय केलं असतं? निघाले असते का?

यंदा चार कळ्या आहेत. नणंद म्हणते, एक तरी आईच्या फोटोला वाहा. रोज संध्याकाळी देठाला हात लावते आणि तशीच परत येते.