देवाचं भ्याव

मागच्या रविवारी संडे स्कूल सुटलं, मुलं दारात चपला शोधत होती, आणि एक आठ वर्षांचा मुलगा मागंच रेंगाळला. खडूंचा डबा भरायला मला मदत करतोय असं दाखवत हळूच म्हणाला, "टीचर, माझे आजोबा नरकात जळतायत का?"

त्याची आई आमच्या चर्चची, वडिलांकडचं घर सोलापूरच्या सिद्धेश्वराला मानणारं. आजोबा दर संक्रांतीला पांढरीशुभ्र बाराबंदी, म्हणजे बारा बंदांचा अंगरखा, घालून यात्रेतल्या उंच नंदीध्वजाबरोबर चालायचे. या दिवाळीत वारले. आधल्या रविवारी परगावचे एक प्रचारक आले होते, त्यांनी मुलांना आगीच्या सरोवराचं चित्र दाखवलं. तेव्हापासून पोरगा रात्री दिवा मालवू देत नाही, असं आई सांगते.

त्याला मी काय सांगितलं ते लिहीनच. पण आधी अक्काबद्दल लिहायला हवं, कारण त्या प्रचारकांनी केलं तेच मीही केलेलं आहे.

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीची मिरवणूक बघून लोक नुकते आडवे झाले होते आणि पहाटे चारच्या सुमारास घरातली भांडी वाजायला लागली. आमच्या चाळीत फडताळातली पातेली पडली, एवढंच. उजाडल्यावर हळूहळू कळत गेलं की किल्लारीकडं गावंच्या गावं दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेलीत. त्या आठवड्यात आमच्या चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. एका सभेत वक्त्यांनी विचारलं, "आज रात्री पुन्हा जमीन हलली तर तू कुठं जाशील?" मी 19 वर्षांची होते. हात वर केला, हमसून रडले आणि पेटून घरी आले.

शेजारी अक्का राहायची. तेलुगू, पद्मशाली म्हणजे विणकर समाजातली. नवरा यंत्रमागावर, ती विड्या वळायची. उंबऱ्यात बैठक, मांडीवर सूप, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू भरून वळायची, टोक दुमडून दोरा गुंडाळायची. हे सगळं हातानंच चालायचं, डोळे आपल्याकडं. हजार विड्या पुऱ्या करायची घाई असली तरी मी कॉलेजातून आले की हाक मारायचीच.

त्या संध्याकाळी मी तिच्यापुढं बसले आणि सगळं सांगून टाकलं. येशूला न मानणाऱ्यांचं काय होतं, आग कशी विझत नाही, सगळं. कात्री थांबली. तिची दोन लेकरं तान्ही असतानाच गेली होती, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

"माझी दोघं बी?" तिनं विचारलं.

सभेतलं उत्तर मला पाठ होतं. मी ते दिलं.

ती काही बोलली नाही. सुपातला तंबाखू बोटानं उगाच सारखा करत राहिली. त्या दिवसापासून तिची हाक बंद झाली. शेंगाचटणीची वाटी मात्र येत राहिली, माझ्या धाकट्या भावाच्या हातून.

आईला कळलं तेव्हा ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तू तिला देवाचं नाव सांगितलंस का देवाचं भ्याव घातलंस?" दुसऱ्या दिवसापासून दुपारची भांडी आवरली की ती अक्काच्या उंबऱ्यात जाऊन बसायची आणि पानं कापू लागायची. तिला नीट कापता यायची नाहीत, अंगठ्याला घट्टा पडला. माझ्या वतीनं माफी मागितलीस का, असं मी विचारलं तर म्हणाली, "तुझी माफी तू माग." मी मागितली, पण फार उशिरा, लग्न ठरल्यावर. अक्कानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि लेकरांचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. तो अजून माझ्या उरावर आहे.

मी न्यायाचा दिवस मानते. प्रभूनं नरकाचं नाव घेतलंय, ते मी शास्त्रातून पुसून टाकणार नाही. पण त्याचे सगळ्यात कडक शब्द कुणासाठी होते? बायबलातला मत्तय 23 वाचा. ते शास्त्री आणि परूशी यांच्यासाठी आहेत, धर्म ज्यांच्या मुठीत होता त्यांच्यासाठी. यहुदी ज्यांना कमी लेखायचे त्या शोमरोनी लोकांतल्या एका बाईकडं त्यानं आधी पाणी मागितलं. लोक ज्याचा राग करायचे त्या जकातदार जक्कयाला झाडावरून खाली बोलावून त्याच्याच घरी उतरला.

भूकंपाचीही एक गोष्ट आहे, प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये. फिलिप्पै गावात मध्यरात्री जमीन हादरते, तुरुंगाची दारं उघडतात. कैदी पळाले असं समजून तुरुंगाचा नायक स्वतःवरच तलवार उपसतो. भीतीनं त्याला तिथवर आणून सोडलं होतं, मरणापाशी. त्याला थांबवलं ते तिथंच कैदेत असलेल्या प्रेषित पौलाच्या हाकेनं : स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथंच आहोत. ज्यांचे पाय त्यानं खोड्यात अडकवले होते, तेच त्याच्यासाठी थांबले होते. तारणाचा प्रश्न तो त्यानंतर विचारतो. 1993 साली आम्हाला हा अध्याय कुणीतरी वाचून दाखवायला हवा होता.

चर्चमधली ती गर्दी नाताळपर्यंत ओसरली. पण त्याच दिवसांत चर्चच्या काही मावश्या चादरींचे गठ्ठे आणि कडक भाकरीची पोती टेम्पोत घालून किल्लारीकडं गेल्या होत्या. तिथं त्यांनी एकही पत्रक वाटलं नाही. त्यातल्या एकीकडं तिकडची माणसं पुढं कित्येक वर्षं लग्नपत्रिका घेऊन यायची.

आपल्या ना. वा. टिळकांचंच बघा. 1893 मध्ये रेल्वेत एका परक्या प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि त्यांना धरून ठेवलं ते त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा झाला. एवढ्या मोठ्या कवीला आगीची धमकी देऊन कुणी आणलं असतं का?

2009 मध्ये आई गेली. अक्का रात्रभर आमच्याकडं बसून होती. पहाटे मला म्हणाली, "पानं कापताना ती गुणगुणायची ते म्हण की." मी म्हटलं. तिला शब्द पाठ होते, तेलुगू वळणाच्या मराठीत, माझ्यापेक्षा दोन कडवी जास्त. अक्कानं बाप्तिस्मा घेतला नाही. तिच्या घरात शेवटपर्यंत पद्मशालींच्या मार्कंडेयाची तसबीर होती. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण साक्षीच्या गोष्टी सांगताना आम्ही असला शेवट गाळून टाकतो.

माझ्या वर्गात पुन्हा ते चित्र नको, असं मी पाळकसाहेबांना सांगितलंय. त्यांना ते फारसं आवडलेलं नाही.

मुलाला मी जवळ बसवलं. म्हटलं, "तुझ्या आजोबांना तुझ्याहून जास्त ओळखणारा आणि तुझ्याहून जास्त माया करणारा देव आहे. आजोबा त्याच्या हातात आहेत. त्यापुढचं मला माहीत नाही, आणि ते चित्र काढणाऱ्यालाही माहीत नाही." तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग मी विचारलं, "आजोबा दिसायचे कसे?"

त्यानं भरलेला डबा पुन्हा उघडला, पांढरा खडू घेतला आणि काळा कागद मागितला. बाराबंदी काढून तिचे बंद एकेक करून मोजू लागला. अकरा झाले आणि कागद संपला.

"बारावा आतल्या बाजूला असतो, टीचर," तो म्हणाला. "तो मी बांधायचो."