सांध्याचं काम कोणाकडे?

एलईडीचा मोठा, प्रोग्रॅम करता येणारा दिवा बनवायचा तर हल्ली काम एकट्याच्या आवाक्यात राहत नाही. प्लायची पेटी लेझरवर कापणारा एक, आतले क्लॅम्प थ्रीडी प्रिंटरवर काढणारा दुसरा, सर्किट आणि कोड बघणारा तिसरा. प्रत्येकाचा भाग सुटा बघितला तर बिनचूक असतो. घोडं अडतं ते दोन भाग भेटतात तिथे, कारण तो सांधा कोणाच्याच यादीत नसतो.

म्हणून भागांच्या आधी सांध्यांचं चित्र काढा. एक पान पुरतं: भोकांच्या केंद्रांमधलं अंतर, स्क्रूचा आकार, वायर कुठून बाहेर येणार, कनेक्टर कोणता, पिनांचा क्रम काय. सगळी मापं मिलिमीटरमध्ये आणि एकाच कोपऱ्यापासून घ्या. एका भोकापासून पुढच्या भोकाचं असं माप देत गेलात तर प्रत्येक वेळचा अर्धा मिलिमीटर साठत जातो आणि पाचव्या भोकात स्क्रू शिरत नाही. या पानात बदल करायचा हक्क एकाकडेच ठेवा. बाकीच्यांनी त्याला सांगायचं.

थ्रीडी प्रिंटसाठी आकार ज्यात पाठवतात त्या एसटीएल फाइलमध्ये एकक साठवलेलंच नसतं. इंचात काढलेला क्लॅम्प समोरच्याकडे मिलिमीटर म्हणून उघडला की 25.4 पट लहान दिसतो. हे निदान लगेच कळतं तरी. प्लायचं तसं नाही. ‘3 मिमी’ म्हणून आणलेला प्लाय कॅलिपरखाली 2.7 भरतो, कधी 3.2. त्यात लेझरची रेघ साधारण 0.1 ते 0.3 मिमी लाकूड जाळते, म्हणजे खाच आखल्यापेक्षा रुंद होते. वापरायच्या त्याच शीटच्या तुकड्यावर 2.4 ते 3.2 पर्यंत, 0.1 च्या फरकाने नऊ खाचा कापून बघा. हाताने दाबल्यावर जी घट्ट बसते तिचं माप पानावर लिहा. प्रिंटरचं उलट असतं, भोक आखल्यापेक्षा लहान येतं. एम3, म्हणजे 3 मिमी जाडीचा, स्क्रू आरपार जायला 3.4 मिमी आखलेलं बरं.

सर्किटवाल्याने आपले आकडे सुतारकाम करणाऱ्याला सांगितलेच पाहिजेत, आणि नेमकं तेच राहून जातं. डब्ल्यूएस2812बी जातीचा (ज्याचा रंग सुटा प्रोग्रॅम करता येतो असा) एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की 60 मिलिअँपिअरपर्यंत ओढू शकतो. 60 एलईडी म्हणजे 3.6 अँपिअर, 5 व्होल्टला 18 वॉट. ही उष्णता बंद पेटीत कोंडली की पीएलए या प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकचा क्लॅम्प 60 अंशांच्या आसपास मऊ पडून वाकतो, आणि दोष मात्र प्रिंट करणाऱ्याच्या माथी बसतो. पेटीला वर-खाली झरोके ठेवा, पॉवर सप्लायजवळचे क्लॅम्प पीईटीजी या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्ये काढा.

दिवा मधूनच लुकलुकत असेल तर कोड उचकण्याआधी दोन गोष्टी बघा. कंट्रोलर आणि एलईडीची पट्टी यांचं ग्राउंड (शून्य व्होल्टची वायर) एकत्र जोडलंय का? आणि सिग्नल किती व्होल्टचा आहे? पट्टी 5 व्होल्टवर चालते तेव्हा डेटाला 3.5 व्होल्ट लागतात. ईएसपी32 हा नेहमी वापरला जाणारा कंट्रोलर देतो 3.3. बऱ्याचदा तेवढ्यावरही चालून जातं, म्हणूनच हा दोष सापडायला वेळ लागतो. मध्ये 74एएचसीटी125, म्हणजे सिग्नल 5 व्होल्टपर्यंत चढवणारी चिप, टाकली की प्रश्न मिटतो.

फाइल इतरांना खुली करायची असेल तर परवाना कापणी सुरू होण्याआधीच ठरवा. तिघांपैकी एकाने मुळात सीसी बाय-एनसी-एनडी परवान्याचं (श्रेय द्या, धंद्यासाठी वापरू नका, बदलून वाटू नका, असं सांगणारा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना) डिझाइन घेऊन त्यात फेरफार केले असतील, तर ती बदललेली फाइल मूळ कर्त्याच्या परवानगीशिवाय वाटता येत नाही. तो भाग नव्याने आखावा लागतो.