स्टेअरिंगमधली तीन बोटं

बेळगावात टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट ओलांडताना पहिल्यांदा लक्षात आलं. रुळांवर चाकं आपटली आणि स्टेअरिंग डावीकडं झटकलं. मी उजवीकडं ओढलं, तर तीन बोटं फिरेपर्यंत चाकांना पत्ताच नाही. खानापूर रोडला वेग घेतला की ताक घुसळल्यासारखं सारखं उजवं-डावं करत राहायचं, तेव्हा कुठं गाडी सरळ जायची.

गाडी १९६४ची ट्रायम्फ स्पिटफायर. ही १९६२ ते १९८० इंग्लंडात बनत होती. रूप दिलं मिकेलोत्ती नावाच्या इटालियनानं. आपल्या लोकांना तिची चुलत बहीण जास्त ओळखीची, पूर्वी मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड. दोघींची पुढच्या चाकांची जोडणी जवळजवळ एकच, आणि त्यामुळंच मी वाचलो. (२०२१च्या केंद्राच्या नियमाप्रमाणं पन्नाशी ओलांडलेली, मूळ रूपातली गाडी विंटेज, म्हणून माझीही विंटेज. इंग्रज लोक फक्त १९३० पर्यंतच्या गाड्यांना तो मान देतात. आमच्या गल्लीत ती ‘बुटकी लाल’.)

आधी व्हील अलाइनमेंटला नेली. कॉम्प्युटरवर सगळं हिरवं. पोरगा म्हणाला, “सर, गाडी ओके आहे की ओ.” गाडी उभी असताना चाकांचा कोन बरोबरच होता, त्याचंही काही चुकलं नाही.

मग मीच शहाणपणा केला. या गाडीला रॅक अँड पिनियन आहे, म्हणजे स्टेअरिंगनं फिरणारं छोटं दातेरी चाक (पिनियन) आणि त्यानं डावी-उजवी सरकणारी दातेरी दांडी (रॅक). रॅकला पिनियनवर दाबून धरायला एक प्लंजर, म्हणजे दट्ट्या असतो, त्याच्यामागं स्प्रिंग, वर टोपीसारखा नट आणि टोपीखाली कागदासारख्या पातळ चकत्या, म्हणजे शिम. शिम काढल्या की दाब वाढतो, प्ले, म्हणजे स्टेअरिंगचं मोकळं फिरणं, कमी होतो, असा माझा हिशेब. दोन काढल्या. दुसऱ्या दिवशी गोवावेस सर्कलला वळलो आणि वळण संपलं तरी स्टेअरिंग परत येईना. एरवी हात सैल सोडला की आपोआप सरळ होणारं चाक तसंच अडकून राहिलं, गाडी फुटपाथकडं निघाली. जोर लावून ओढलं म्हणून समोरचा नारळवाला वाचला. प्ले मात्र होता तेवढाच.

त्यानंतर वडगावच्या मामांकडं गेलो. मामा आता पंचाहत्तरीचे. तरुणपणी कॅम्पातल्या एका गॅरेजमध्ये होते, लष्करी अधिकाऱ्यांच्या हेराल्ड त्यांनीच सांभाळल्या. मी प्ले, रॅक, शिम असं सगळं सांगत होतो. त्यांनी एकच विचारलं, “ट्रनियनात तेल घालता का ग्रीस?”

“ग्रीस असणार. सर्व्हिसिंगवाले घालतात ते.”

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. “मालक, मग गाडी चालवू नका आता. रविवारी मीच येतो.”

रविवारी आले. स्पिटफायरचं बॉनेट मडगार्डांसकट पुढं उलटतं, सगळी यंत्रणा ताटात वाढल्यासारखी उघडी पडते. चाकं जमिनीवरच ठेवून मुलीला स्टेअरिंगवर बसवलं. “बाळ, हळूहळू हलवत राहा, जोर नको.” आणि मामा बोट लावत निघाले. प्रत्येक सांध्यावर एकच बोट, निम्मं या तुकड्यावर, निम्मं त्या तुकड्यावर. दोन्ही बरोबर हलले तर सांधा ठीक, बोटाखाली एक आधी सरकला तर तिथं ढिलं. कॉलम ठीक. खालचं रबरी कपलिंग ठीक. मग माझं बोट धरून त्यांनी रॅकच्या नळीवर ठेवलं. मुलीनं हलवलं तशी अख्खी नळी तिला जखडणाऱ्या यू-बोल्टमध्ये चार-पाच मिलिमीटर सरकली, आणि चाकं नंतर. दुसरीकडं हलवलं, पुन्हा तेच. मी आतले शिम काढत बसलो होतो आणि रॅकच जाग्यावर नव्हता.

यू-बोल्टखाली रबराचे दोन ठोकळे असतात. इंजिनचं तेल वर्षानुवर्षं त्यांवर ठिबकलेलं. नखानं दाबलं तर कुंदा मिठाईसारखा दाणेदार चुरा हातात आला.

मला वाटलं, संपलं. मामांनी गाडी जॅकवर घेतली. चाक वर आणि खाली धरून हलवलं. दोन्ही बाजूंना बारीक खटखट. मुलीला म्हणाले, “ब्रेक दाब.” ब्रेक दाबल्यावर उजवीकडची खटखट गेली, म्हणजे ती बेअरिंगची. नट थोडा आवळला, झालं. डावीकडची मात्र तशीच राहिली.

तिथं खालच्या टोकाला ट्रनियन असतो, पितळेच्या जातीचा आटे पाडलेला एक तुकडा. चाकाचा उभा पोलादी दांडा त्यात स्क्रूसारखा बसतो आणि स्टेअरिंग फिरवलं की त्याच आट्यांत फिरतो. ही गाडी साधारण ७.३ मीटरच्या वर्तुळात वळते, खडे बाजारात सगळ्यांना त्याचं नवल. चाक एवढं वळतं तेव्हा दांडाही तेवढाच फिरत असतो. या आट्यांना ईपी-९० गिअर ऑइल लागतं. ग्रीस भरलं की ते वाटेतच घट्ट होतं, आट्यांपर्यंत पोचत नाही, आणि तिथं पाणी साचतं. खोलून बघितलं तर ग्रीस कपड्याच्या साबणासारखं कडक, आत दांड्याच्या आट्यांवर नारिंगी गंज.

दांडा घेऊन उद्यमबागेत गेलो. तिथल्या एका फाउंड्रीत माझा मित्र कास्टिंग तपासणीला आहे. त्यानं दांडा घासून पुसून तडा असेल तर त्यात शिरणारा लाल डाय मारला, दहा-पंधरा मिनिटांनी पुसला आणि वर पांढरा डेव्हलपर फवारला. पांढऱ्या थरावर आधी काहीच नाही. मग शेवटच्या आट्याच्या मुळाशी केसासारखी लाल रेघ उमटली आणि बघता बघता अर्धा घेर फिरून आली. पुढच्या शुक्रवारी आम्ही घरचे सगळे चोर्ला घाटातून गोव्याला निघणार होतो, या गाडीतून नाही, पण मी मात्र मागून हिच्यातूनच येणार होतो. हा दांडा तुटला की चाक आडवं पडतं. मामांनी रेघ बघितली, काही बोलले नाहीत. बायको बरंच बोलली.

हेराल्डचा दांडा आणि ट्रनियन कोल्हापूरच्या एका जुन्या स्पेअरवाल्याकडं निघाला. आणला, बसेना. एका बाजूचे आटे सरळ, दुसऱ्या बाजूचे उलटे असतात. त्यानं उजवीकडचा दिला आणि मी न बघता पिशवीत टाकला. पुन्हा एसटी, पुन्हा तवंदी घाट. दुसऱ्या खेपेला दुकानातच दोन्ही आटे डोळ्यांसमोर धरून बघितले. आल्यावर या दांड्यालाही डाय मारला, मगच बसवला.

रबराचे ठोकळे इंग्लंडहून यायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात ओळखीचा टर्नर ॲल्युमिनियमचे करून द्यायला तयार होता. मामा नको म्हणाले, “मग रस्त्यातला प्रत्येक खड्डा हातात येतोय बघा. बेळगावात तसलं परवडत नाही ओ.”

जोडताना दांडा ट्रनियनात पूर्ण आवळायचा नाही. तळाला टेकेपर्यंत फिरवायचा आणि मग जास्तीत जास्त एक फेरा मागं घ्यायचा, नाहीतर पूर्ण वळणावर तो अडकतो. ऑइल गननं तेल वरून बाहेर येईपर्यंत भरलं. माझी शिमची चूकही निस्तरली: स्प्रिंग आणि शिम न घालता टोपी प्ले जाईपर्यंत आवळायची, टोपीखालची फट फिलर गेजनं मोजायची, त्यात ०.१ मिलिमीटर मिळवून तेवढ्या जाडीच्या शिम घालायच्या. काढलेल्या दोन्ही शिम परत गेल्या, म्हणजे मुळात तिथं काही बिघडलंच नव्हतं. शेवटी दोरी लावून चाकं बघितली, दोन्ही चाकांमधलं पुढचं अंतर मागच्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटर कमी.

मामांना शेजारी बसवून पिरनवाडीवरून किणयेपर्यंत जाऊन आलो. कुठंही ताक घुसळावं लागलं नाही. परत येताना मुद्दाम दुसऱ्या गेटावरून घेतली. रूळ गेले, स्टेअरिंग हललं नाही. मी मामांकडं बघितलं.

मामा मान वाकडी करून ऐकत होते. “सायलेन्सरचा क्लॅम्प तुटलाय ओ,” म्हणाले.