क्लोरीन वाढवला, वास वाढला

मे महिना, तळं तळाला गेलेलं, आणि आदल्या आठवड्यात वळवाच्या दोन जोरदार सरी झालेल्या. मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेचं 8 एमएलडीचं, म्हणजे दिवसाला 80 लाख लिटरचं, जलशुद्धीकरण केंद्र. सकाळचं पाणी सुटलं आणि व्हॉल्व्हमनचे फोन सुरू झाले. तक्रारवहीत लोकांचे शब्द जसेच्या तसे उतरवलेले होते: चिखलाचा वास, ओल्या पोत्याचा वास, आणि एका बाईंनी सांगितलेलं, ‘बीट चिरल्यासारखं लागतंय’. हा शेरा सगळ्यांत नेमका होता. बीटच्या मातकट वासामागे जे रसायन असतं तेच इथे पाण्यात होतं: जिओस्मिन.

रात्रपाळीच्या ऑपरेटरने वास आल्यावर सगळीकडे करतात तेच केलं होतं. प्री-क्लोरीन, म्हणजे कच्च्या पाण्यात सुरुवातीलाच सोडायचा क्लोरीन, लिटरला 2 मिलिग्रॅमवरून 5 वर नेला. पहाटेपर्यंत फिल्टर गॅलरीत पाऊल टाकलं तरी वास जाणवत होता.

जिओस्मिन आणि त्याचा भाऊबंद एमआयबी (2-मिथाइलआयसोबोर्निऑल) ही नील-हरित शेवाळाच्या काही जातींची आणि गाळातल्या ॲक्टिनोमायसिटीस जिवाणूंची देणगी. माणसाचं नाक लिटरमागे 10 नॅनोग्रॅमच्या आसपासही ते पकडतं. हिशेब करा: या केंद्राच्या दिवसभराच्या 80 लाख लिटर पाण्याला वास लावायला 0.08 ग्रॅम पुरतो. नेहमीच्या मात्रेतल्या क्लोरीनला हे रसायन दाद देत नाही आणि कॅस्केडच्या पायऱ्यांवरून पाणी उड्या मारत गेलं तरी फारसं उडून जात नाही. शिवाय त्याचा मोठा साठा शेवाळाच्या पेशीत बंद असतो. क्लोरीन ती पेशी फोडतो. आतला वास, आणि जात विषारी असेल तर आतलं विषही, पाण्यात विरघळतं. अख्खी पेशी तुरटीने खाली बसवता येते, वाळूत अडवता येते. विरघळलेलं रसायन वाळूतून सरळ निघून जातं.

हे तोंडी सांगून पटत नाही, म्हणून ऑपरेटरांसमोरच जॅकवेलच्या (तळ्यातून पाणी उचलणाऱ्या विहिरीच्या) कच्च्या पाण्याचे तीन नमुने केले. पहिला तसाच. दुसरा फिल्टर पेपरमधून हळूच गाळलेला, जोर न लावता. तिसऱ्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं निवळलेलं पाणी टाकून अर्धा तास ठेवलं, सोडियम थायोसल्फेटचा खडा टाकून उरलेला क्लोरीन मारला आणि मग गाळला. तिन्ही चंबू वॉच ग्लासने झाकून 60 अंशांपर्यंत तापवले, हलवले, झाकण सरकवून हुंगले. पहिल्याला वास, दुसऱ्याला जेमतेम, तिसऱ्याला पहिल्याइतकाच. म्हणजे माल पेशीत होता आणि क्लोरीननेच तो बाहेर काढला होता. थायोसल्फेट विसरलात तर क्लोरीनचा वास बाकी सगळं झाकतो आणि चाचणी उलटंच सांगते.

प्री-क्लोरीन तिथेच बंद केला.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन पाहुणे दिसले. मण्यांच्या माळेसारखी ॲनाबीना, मधेच एखादा फिकट, मोठा मणी असलेली. वास बहुधा तिचा. आणि बारीक दाणे चिकटून झालेले वेडेवाकडे पुंजके: मायक्रोसिस्टिस. ही जात जिओस्मिन करत नाही, मात्र यकृतावर घाला घालणारं मायक्रोसिस्टिन करू शकते. वासाचं आणि विषाचं असं काही लग्न लागलेलं नाही, हे केंद्रावरच्या प्रत्येकाला माहीत हवं. वास गेला म्हणून विष गेलं असं नाही, वास आला म्हणून विष आहेच असंही नाही. सूक्ष्मदर्शक नसेल तर कच्चं पाणी काचेच्या बाटलीत रात्रभर न हलवता ठेवा. हिरवी साय वर तरंगली तर नील-हरित जातींचा संशय घ्यावा. त्यांच्या पेशींत वायूच्या पोकळ्या असतात.

जॅकवेलला तीन झडपा. वरची उघडी पडलेली, मधली पाण्याखाली जेमतेम दीड मीटर, आणि वाऱ्याने सगळी साय बांधाकडे लोटलेली. म्हणजे पंप सायच ओढत होता. दगड बांधलेली, दोरीने बूच उपटता येणारी बाटली घेऊन होडीतून पाच खोलींवरचं पाणी काढलं. साडेसहा मीटरवर सडक्या अंड्याचा वास आणि ऑक्सिजन शून्य. तिथलं पाणी घेतलं असतं तर लोह आणि मँगनीजने काळे-तांबडे नळ आले असते. साडेचार मीटरवर शेवाळ विरळ आणि ऑक्सिजन बऱ्यापैकी. खालची झडप त्याच पातळीला होती. तिचा स्पिंडल गंजलेला. पाइपाचा दांडा घालून दोघांनी फिरवला तेव्हा हलला. मधली बंद केली आणि तोंडासमोर बांबूंना शेडनेट बांधून साय अडवली. दिवसभरातला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत गुणकारी उपाय हाच.

विरघळलेल्या भागासाठी कार्बन लागणार होता. ‘पॅक (पीएसी) आहे ना आपल्याकडे,’ म्हणत स्टोअरकीपरने कॅन काढून दिले ते पॉली ॲल्युमिनियम क्लोराइडचे. केंद्रावर पीएसी म्हटलं की तेच डोळ्यांसमोर येतं आणि पावडर ॲक्टिव्हेटेड कार्बनचंही लघुरूप नेमकं तेच. पावडर कार्बन एमआयडीसीतल्या पुरवठादाराकडून दुपारी टेम्पोने आला, 25 किलोच्या गोण्यांत.

मात्रा जार टेस्टने, म्हणजे वेगवेगळ्या जारांत वेगवेगळा डोस टाकून, ठरवली. 1 ग्रॅम कार्बन 1 लिटर पाण्यात ढवळून घेतला की त्याचा 1 मिलिलिटर म्हणजे 1 मिलिग्रॅम. एकेक लिटरच्या सहा जारांत 0, 5, 10, 20, 30, 40 असे टाकले, रायझिंग मेनमधला (जॅकवेलवरून केंद्राकडे येणाऱ्या लाइनमधला) वेळ धरून ढवळले, मग तुरटी, निवळणं, गाळणं, तापवणं, हुंगणं. हुंगायला माणसं निवडून घ्यावी लागतात. तंबाखू मळणारे दोघे ऑपरेटर 5 च्या जारलाच ‘काही नाही साहेब’ म्हणाले. झाडलोट करणाऱ्या मावशींना 10 मध्येही ‘अजून आहे’ जाणवलं आणि 20 ला त्यांनी ‘नाही’ अशी मान हलवली. मावशींचं नाक प्रमाण मानलं. तीन-चार चंबूंनंतर नाक बोथट होतं, मधे बाहेर जाऊन मोकळी हवा घ्यायची, आणि कोणता चंबू कोणता हे हुंगणाऱ्याला कळू द्यायचं नाही.

लिटरला 20 मिलिग्रॅम, तासाला 400 घनमीटर पंपिंग, म्हणजे तासाला 8 किलो कार्बन. 5 टक्क्यांची स्लरी धरली तर तासाला 160 लिटर. ती कुठे सोडायची यावर वाद झाला. तुरटी मिसळायचा फ्लॅश मिक्सर हाताशी होता, पण तिथे कार्बनला काही मिनिटंच मिळतात आणि तुरटीचा फ्लॉक (गाळाचे पुंजके) त्याच्या दाण्यांवर लेप चढवतो. जॅकवेल ते केंद्र 450 मिलिमीटरची 4 किलोमीटर लाइन. तिच्या पोटात साधारण 636 घनमीटर पाणी, म्हणजे दीड तासाहून जास्त सहवास फुकटात मिळतो. म्हणून 500 लिटरची टाकी जॅकवेलवर नेली, ढवळणी सतत चालू ठेवली (थांबली की दहा मिनिटांत तळाशी काळा गाळ आणि नळी तुंबते) आणि स्लरी पंपांच्या सक्शनजवळ सोडली. प्री-क्लोरीन बंद असण्याचा इथे दुसरा फायदा झाला: क्लोरीन आणि कार्बन एकत्र आले की ते एकमेकांनाच खाऊन टाकतात. गोण्या टीसीएल आणि परमँगनेटपासून लांब ठेवायच्या, आग लागते. ओला कार्बन बंद खोलीतला ऑक्सिजन शोषतो, म्हणून टाकीत एकट्याने उतरायचं नाही.

इतक्यात एका नगरसेवकांचा फोन: तळ्यात मोरचूद टाका, दोन दिवसांत साफ. शेवाळ नुकतं सुरू होत असताना आणि ते पाणी काही दिवस पिण्यासाठी उचलायचं नसताना त्याचा विचार करता येतो. बहर भरात असताना मोरचूद म्हणजे तळ्याएवढ्या प्रमाणावर तीच चूक, सगळ्या पेशी एकदम फुटतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये पाम आयलंडवर 1979 मध्ये धरणात मोरचूद टाकल्यानंतर सुमारे दीडशे माणसं आजारी पडली, त्यांत बहुतेक मुलं होती. फोनवर एवढंच सांगितलं.

केंद्राच्या आत तुरटीची जार टेस्ट नव्याने केली. शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं, सकाळी 8.1 असलेला पीएच दुपारी तीनला 9.2. अशा पाण्यात ॲल्युमिनियम विरघळलेलंच राहतं, फिल्टर ओलांडतं आणि पुढे नळात पांढरट साका होऊन बसतं. तुरटी लिटरला 35 मिलिग्रॅमवरून 60 वर नेल्यावर फ्लॉक नीट बांधला आणि पीएचही 7.6 पर्यंत उतरला. भर उन्हात क्लॅरिफ्लोक्युलेटरमधला (निवळण्याच्या टाकीतला) फ्लॉक वर तरंगायला लागला तेव्हा ऑपरेटर घाबरले. ते ऑक्सिजनचे बुडबुडे होते, तुरटीचा दोष नव्हता. वर आलेला थर जाळीने काढून घेतला.

खाली बसलेल्या पेशी मेल्या की तिथेच फुटतात, म्हणून गाळ दर दोन तासांनी सोडायचा. बॅकवॉशचं (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुतल्याचं) पाणी परत इनलेटला फिरवत होते, ते बंद. फिल्टर दिवसाऐवजी आठ तासांतच चोंदत होते, तरी बॅकवॉश टाळायचा नाही. गाळलेलं एक लिटर पाणी पांढऱ्या फिल्टर पेपरमधून सोडायचं; करडा डाग पडला तर कार्बन वाळू ओलांडतोय.

क्लोरीन आता फक्त फिल्टरनंतर. मायक्रोसिस्टिनच्या बाबतीत हाच क्लोरीन कामाचा आहे, पेशी निघून गेल्यावर: पीएच 8 च्या खाली आणि अर्ध्या तासानंतरही लिटरला किमान 0.5 मिलिग्रॅम शिल्लक असेल तर तो विष मोडतो. शुद्ध पाण्याच्या संपातून (टाकीतून) बाहेर पडताना आम्ही 1 ठेवला.

एक फोन मात्र या सगळ्याच्या आधी, मायक्रोसिस्टिस दिसताक्षणी केला होता, गावातल्या डायलिसिस केंद्राला. एका वेळच्या डायलिसिसला साधारण 120 लिटर पाणी लागतं आणि पातळ पडद्यापलीकडे ते थेट रक्ताशी भिडतं. ब्राझीलमधल्या कारुआरू इथे 1996 मध्ये अशाच पाण्यामुळे डायलिसिसचे 50 हून अधिक रुग्ण दगावले. इथल्या डॉक्टरांनी त्या दिवसाच्या पाळ्या दुसऱ्या गावी हलवल्या.

घंटागाडीवरून वाजवायचा मजकूर नगरपरिषदेने तयारच ठेवला होता: ‘नागरिकांनी पाणी उकळून प्यावे.’ तो थांबवला. उकळून मायक्रोसिस्टिन जात नाही, पाणी आटतं तसं ते दाटतं. अमेरिकेत टोलिडो शहरात 2014 च्या ऑगस्टमध्ये म्हणूनच उकळू नका असं सांगावं लागलं होतं. घरचं यूव्ही यंत्रही इथे भरवशाचं नाही. बदललेला मजकूर असा: ‘अहवाल येईपर्यंत नळाचे पाणी पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी वापरू नये. उकळून उपयोग नाही. पिण्याचे पाणी टँकरने मिळेल. आंघोळ व धुण्यासाठी हरकत नाही.’ टँकर कूपनलिकेवरून भरले.

नमुने गडद काचेच्या बाटल्यांत, क्लोरीन मारून, बर्फात ठेवून शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवले. नमुना तीनदा गोठवून-वितळवून पेशी फोडल्या तरच एकूण मायक्रोसिस्टिन मोजलं जातं, नाहीतर फक्त विरघळलेलं दिसतं. हे पत्रात लिहून द्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडा आला: कच्च्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला 1 मायक्रोग्रॅम या आयुष्यभराच्या वापरासाठीच्या मर्यादेच्या वर, केंद्रातून निघणाऱ्या पाण्यात मर्यादेच्या बरंच खाली. पिण्याची बंदी लगेच उठवली नाही. जलकुंभांत आणि लाइनमध्ये जुनं पाणी होतं; शेवटच्या टोकाचे वॉशआउट (लाइन रिकामी करायच्या झडपा) उघडून ते सोडलं, तिथले नमुने परत तपासले, मग उठवली.

बहराचं खाद्य तळ्याच्या कडेलाच पडलेलं होतं. पाणी हटलेल्या जागेवर गाळपेर, त्यात डीएपी खताच्या रिकाम्या पिशव्या, आणि वळवाने ते सगळं आत धुऊन नेलेलं. शिवाय गावचा एक नाला. गाळपेरीवर खत बंद करणं हे केंद्राच्या हातातलं काम नाही, त्यासाठी पाटबंधारे आणि तहसील दोन्हीकडे पत्रं गेली.

कार्बन पुढे पाऊस लागून तळं ढवळेपर्यंत चालू ठेवला, मावशींच्या नाकावर मात्रा कमी करत करत. पुढच्या उन्हाळ्यासाठीच्या मागणीपत्रात ‘पीएसी’ ही अक्षरं येऊ दिली नाहीत. लिहिलं ते असं: पावडर स्वरूपातील सक्रिय कार्बन, पिण्याच्या पाण्याच्या दर्जाचा, 325 मेशमधून किमान 90 टक्के जाणारा, आयोडीन क्रमांकाच्या दाखल्यासह, 15 दिवसांचा साठा, 2,400 किलो, दर मंजुरीपूर्वी नमुना केंद्रावरील जार टेस्टमध्ये तपासला जाईल.